तुम्ही विचारलेत म्हणून: भरपूर रॅम असताना स्वॅप कशाला?

32 जीबी रॅम असलेल्या संगणकावरही मी स्वॅप फाइल, म्हणजे रॅममधली माहिती हलवून ठेवण्यासाठी डिस्कवर राखलेली जागा, ठेवायला का सांगतो, हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे, आणि माझे उत्तर पुरे होण्याआधीच "पण रॅम तर कधी भरतच नाही" असे इतक्यांदा ऐकवले गेले आहे, की आता ते लिहूनच ठेवतो. रॅमच्या दुप्पट स्वॅप हा जुना नियम मी कोणावर लादत नाही. माझे म्हणणे लिनक्सपुरते आहे.

स्वॅप म्हणजे रॅम संपल्यावर वापरायची संथ रॅम, ही समजूत अपुरी आहे. फाइलींमधून रॅममध्ये आलेली पाने (मेमरीचे छोटे तुकडे), त्यांत चालू प्रोग्रॅमचा कोडही आला, कर्नल, म्हणजे लिनक्सचा मेमरी सांभाळणारा गाभा, हवी तेव्हा टाकून देऊ शकतो, कारण ती डिस्कवरून पुन्हा वाचता येतात. प्रोग्रॅमने चालताना स्वतः तयार केलेल्या माहितीची मात्र डिस्कवर प्रत नसते. स्वॅप असेल तर ती तिथे हलवता येते; नसेल, तर ती दिवसचे दिवस कोणी वापरली नाही तरी रॅममधून हलत नाही.

याचा अर्थ मला एका संशोधन विभागाच्या 64 जीबी रॅमच्या सर्व्हरवर कळला. तिथे स्वॅप मुद्दाम बंद ठेवलेला होता. एका संध्याकाळी कोणीतरी मोठे विश्लेषण अनेक छोट्या प्रोसेसमध्ये (एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र कामांमध्ये) वाटून सुरू केले आणि सर्व्हर हळूहळू गोठला. लॉगिन होईना, उघड्या टर्मिनलमध्ये टाइप केलेले अक्षर उमटायला मिनिटे लागू लागली, आणि स्वॅप नसतानाही डिस्कचा दिवा अखंड जळत राहिला. फाइलींची पाने काढून काढून कर्नल कोडच्या पानांपर्यंत पोहोचला होता; प्रत्येक प्रोग्रॅम पुढची सूचना पाळण्यासाठी आपलाच कोड डिस्कवरून पुन्हा मागवत होता. शेवटी ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की एखादी प्रोसेस मारून जागा करणारा कर्नलचा भाग, जागा झाला. तो मुख्यतः सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेली प्रोसेस निवडतो. छोट्या प्रोसेस मिळून रॅम खात होत्या, पण एकेकटी मोठी होती ती डेटाबेसची. मारला गेला तो डेटाबेस. दोष नसलेल्याचा बळी गेला, आणि ज्यांचे काम त्यावर अवलंबून होते त्यांना काय सांगावे हे मला सुचेना.

त्या आधी मी स्वतः उलट बाजूने भांडत असे: स्वॅप असला की सर्व्हर मरत नाही, नुसता तडफडतो, त्यापेक्षा लवकर मेलेला बरा. तो युक्तिवाद मला आजही पूर्णपणे खोडता येत नाही. मेमरी गळणाऱ्या, म्हणजे घेतलेली मेमरी परत न सोडणाऱ्या, प्रोग्रॅमसमोर कितीही स्वॅप पुरत नाही, आणि त्या संध्याकाळी चार जीबी स्वॅप असता तर डेटाबेस वाचला असता, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण स्वॅप बंद केल्याने तडफड टळते, हे खोटे आहे, आणि ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

स्वॅपवरच्या सततच्या लिहिण्याने एसएसडी डिस्क झिजेल ही भीती भरपूर रॅम असलेल्याला तरी नको. तिथे स्वॅपवर लिहिले जाते ते थोडेच. डिस्क नकोच असेल तर झेडरॅम आहे, जो पाने रॅममध्येच कमी जागेत दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवतो. फेडोरा या लिनक्सच्या एका प्रकाराने 2020 मध्ये 33व्या आवृत्तीपासून तोच मूळ पर्याय केला. हायबरनेट, म्हणजे रॅममधले सगळे डिस्कवर ठेवून संगणक बंद करणे, हवे असेल तर मात्र तो पुरत नाही, डिस्कवर खरा आणि पुरेसा मोठा स्वॅप लागतोच. एरवी मी काही जीबींची फाइल ठेवतो, आणि रॅम तुंबू लागताच आधीच हस्तक्षेप करणारी सिस्टिमडी-ओओएमडी ही सेवाही चालू ठेवतो. ही सेवा दर वेळी योग्य प्रोसेस निवडेल का, याची खात्री मला अजून नाही.