आमची वाटचाल : दमट वायूची कसोटी

कार्बन डायऑक्साइड पकडणारे सच्छिद्र पॉलिमर बनवणाऱ्या आमच्या कंपनीच्या सुरळीत वर्षांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. स्टायरीन-डायव्हिनाइलबेंझीनचे मणी फेरिक क्लोराइडच्या साहाय्याने घट्ट जोडायचे, मग सॉक्स्लेटमध्ये, म्हणजे तोच द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून धुणाऱ्या उपकरणात, मेथॅनॉल चढवून लोहाचा पिवळेपणा पुरता निघेपर्यंत ते धुवायचे आणि माल वेळेवर पोहोचवायचा, एवढाच आमचा क्रम होता.

मग एका प्रतिस्पर्ध्याने आमच्या दुपटीहून अधिक पृष्ठफळाची (म्हणजे छिद्रांच्या आतल्या पृष्ठभागाचे एकूण क्षेत्र) भुकटी बाजारात आणली. त्याचा आकडा खोटा नव्हता. परंतु तो ७७ केल्विनला (उणे १९६ अंश सेल्सिअस) नायट्रोजनने मोजलेला होता आणि वायू धरण्याची क्षमता शून्य अंश सेल्सिअसला, कोरड्या व शुद्ध कार्बन डायऑक्साइडमध्ये. कोळशाच्या धुरात हा वायू जेमतेम १२ ते १५ टक्के असतो आणि शोषकापर्यंत येणारा धूर ४० ते ६० अंशांचा, वाफेने भरलेला असतो, हे आम्ही परोपरीने सांगितले. तरीही मागण्या रद्द होत गेल्या, रिअ‍ॅक्टर थंड पडले आणि पगार भागवण्यासाठी पृष्ठफळ मोजण्याचे यंत्र विकावे लागले. ते शल्य अजून गेलेले नाही.

त्या पडत्या काळात एकच ग्राहक आमच्यापाशी टिकला. त्यांनी माहितीपत्रके बाजूला ठेवून दोन स्तंभ भरले, एकात ती भुकटी आणि दुसऱ्यात आमचे अमाइन (कार्बन डायऑक्साइडला धरून ठेवणारे नायट्रोजनयुक्त गट) जोडलेले मणी, आणि दोन्हींतून दमट वायू सोडला. भुकटीने वायूची वाट अडवून दाब वाढवला. तिच्या गोळ्या वळल्या, तर गोळ्या बांधणाऱ्या चिकट पदार्थाने छिद्रे बुजवली. आमच्या मण्यांतून वायू विनासायास वाहिला. कोरड्या वायूत कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे सहसा दोन अमाइन गट खर्ची पडतात, पाणी असेल तर बायकार्बोनेट होऊन एकावरही भागू शकते. म्हणून ओलावा आमच्या विरोधात गेला नाही.

या व्यवसायात उतरणाऱ्यांनी एक पथ्य अवश्य पाळावे. अमाइनच्या मण्यांतून पकडलेला वायू मोकळा करताना तापलेली हवा वापरू नये, कारण ऑक्सिजन अमाइन नासवतो; कोरड्या, शुद्ध कार्बन डायऑक्साइडमध्येही मणी फार तापवू नयेत, कारण युरिया तयार होऊन ते गट कायमचे निकामी होतात. निर्वात आणि वाफ यांवर खर्च करावा.

आता तोच प्रतिस्पर्धी दमट वायूचे आलेख छापतो. चाचणीची मांडणी आमच्या ग्राहकाचीच आहे. त्यांचा उल्लेख मात्र कुठेही नाही.