मोन्ते इसोला पद्धतीचं जाळं, अपडेट ३: गाठ बसायला लागली

मागच्या अपडेटनंतर दीड महिना गेला, पण आता सांगण्यासारखं काहीतरी झालंय. मी हाताने विणतेय त्या ३० आसांच्या (आस म्हणजे जाळ्याचा एक डोळा) जाळ्याच्या ५२ ओळी झाल्या आणि शेवटच्या २० ओळींत एकही गाठ सरकलेली नाही!

नवीन मंडळींसाठी थोडक्यात, मोन्ते इसोला म्हणजे उत्तर इटलीतल्या इझेओ तलावातलं बेट, तलावातनं अख्खा डोंगरच वर आलाय आणि त्याच्या माथ्यावर मादोन्ना देल्ला चेरिओला हे देवस्थान आहे. २०१६ मध्ये क्रिस्टो या कलाकाराने पाण्यावर तरंगते केशरी रस्ते केले होते, १६ दिवस लोक सुल्झानोवरून चालत बेटावर जात होते, तेच हे. बेटावर खाजगी गाड्यांना बंदी आहे. मी गेल्या वर्षी सुल्झानोहून बोटीने पेस्किएरा माराल्यो गावात उतरले, किनाऱ्याला लागून चिंचोळ्या गल्ल्या आणि दगडी घरं, आणि माझं तिथलं सगळं लक्ष जाळ्यांकडेच होतं. या गावात पिढ्यानपिढ्या जाळी विणली जायची, आणि विणायच्या बहुतेक बायका, दारात बसून, घरातलं बाकी काम सांभाळून. आता तिथे मशीनवर जाळी होतात, मासेमारीची तशीच खेळाच्या मैदानांची पण. तरी हाताची रीत मला शिकायचीच होती.

तर प्रगती. साधनं दोनच, दोरा भरलेली चपटी सुई आणि मापाची पट्टी, इटालियनमध्ये तिला मोदानो म्हणतात. माझी पट्टी ३ सेंमी रुंद आहे म्हणून प्रत्येक आस ताणला की साधारण ६ सेंमी भरतो. गाठ म्हणजे आपली शीट बेंड, दोराला दोर अडकवायची साधी गाठ. दोरा वरच्या आसातून काढायचा, पट्टीपर्यंत खाली ओढायचा, अंगठ्याने घट्ट दाबायचा, डावीकडे एक वेढा टाकून सुई आसाच्या दोन्ही धाग्यांमागून घेऊन वेढ्यातून बाहेर काढायची. हे लिहायला सोपंय. माझा अंगठा ओढताना ढिला पडायचा, मग गाठ आसाच्या टोकावर न बसता खाली घसरायची, वरून दिसते गाठच पण ताण दिला की सरकते आणि शेजारचा आस मोठा होतो. पहिल्या ३२ ओळींत हे इतक्या वेळा झालं की मी अर्धं जाळं उसवलं. उपाय एकच, ओढून झालं की अंगठा हलवायचाच नाही, दुसऱ्या हाताला काम करू द्यायचं.

दुसरी चूक, ओळीच्या शेवटचा आस सुटायचा, ३० चे २६ झाले तेव्हा कळलं. आता दर १० व्या आसाला लाल धागा बांधते.

माप इतकं महत्त्वाचं का, तर आसाच्या मापावरच कुठला मासा अडकणार ते ठरतं. इझेओत एक मासा मिळतो, आगोने, स्थानिक लोक त्याला सार्दिना म्हणतात. तो साफ करून, मीठ लावून, वाकवलेल्या काठ्यांच्या कमानींवर लावून उन्हात वाळवतात, मग दाबून तेलात ठेवतात आणि नंतर भाजून पोलेंतासोबत (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला प्रकार) खातात. आपल्या सुक्या बोंबलाच्या वलांडी आठवल्या मला! आणि तो पकडायला जायची होडी म्हणजे नाएत, लांब, अरुंद, सपाट तळाची, तीही पेस्किएरातच बनायची. जाळं, होडी, वाळवलेला मासा, सगळं एकाच किनाऱ्यावर, हे मला फार म्हणजे फार आवडलं.

पुढचा टप्पा नायलॉन. सुती दोऱ्याला एकेरी गाठ पुरते, नायलॉन गुळगुळीत म्हणून एक वेढा जास्त घेऊन दुहेरी गाठ मारावी लागेल. एका तुकड्यावर करून बघितली, बोट कापलं पण गाठ टिकली. कोणी पीळ दिलेल्या नायलॉनवर काम केलं असेल तर किती जाडीचा घेतलात ते सांगा, रविवारी सुई भरायला बसणारे.