मोबाइलवर सगळं मिळतं, मग तुम्ही काय शिकवता?

लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, कधी आमच्याच स्टाफरूममध्ये हा प्रश्न हमखास येतो. मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे आणि पदवीपासून पीएच.डी.पर्यंतच्या मुलांना संदर्भ शोधायला शिकवते, एवढं सांगितलं की समोरचा म्हणतो, "आता मोबाइलवर सगळं मिळतंय की ओ मॅडम. त्यात शिकवायचं काय?" विचारणाऱ्याला खरंच जाणून घ्यायचं असतं, पण उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज निवांत बसून लिहिते आहे.

एका मुलीचं सांगते. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. लघुप्रबंधाला विषय घेतला होता 'विडी कामगार महिलांचे आरोग्य'. आई विड्या वळते, आजीनंही जन्मभर वळल्या. सोलापूरच्या पूर्व भागातलं घर. घरात तेलुगू, शाळा मराठी, आणि आता विद्यापीठाच्या पातळीवर वाचायचं ते बरंचसं इंग्रजीत. चार दिवस शोधून ती माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, आमच्यावर कुणी लिहिलंच नाही. काहीच मिळंना."

हे वाक्य मला दर वर्षी कुणाकडून तरी ऐकायला मिळतं आणि दर वेळी लागतं. कारण ते म्हणताना मुलं नुसती संदर्भ मिळाला नाही असं सांगत नसतात. आपलं घर, आपली वस्ती अभ्यासाच्या लायकीची नसावी, असं त्यांच्या मनानं घेतलेलं असतं.

काय शोधलंस, म्हणून विचारलं. तिनं मोबाइल पुढे केला. अख्खं वाक्य टाकलेलं: 'सोलापूर विडी कामगार महिलांचे आरोग्य माहिती मराठी'. खाली मोर्चाच्या बातम्या, दोन व्हिडिओ आणि तयार प्रकल्प विकणारं एक संकेतस्थळ.

आमच्याकडे जुन्या तालिकेची, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या सूचीची, कार्डं अजून आहेत. तीन बाय पाच इंचाची, खाली सळई ओवायला भोक पाडलेली. तालिका संगणकावर गेली तेव्हा मी ती रद्दीत जाऊ दिली नाहीत. मागची कोरी बाजू कच्च्या कामाला येते. त्यातलं एक कार्ड घेतलं, चार रकाने आखले आणि वर लिहिलं: आई काय म्हणते, सरकार काय म्हणतं, डॉक्टर काय म्हणतात, अभ्यासक काय म्हणतात.

पहिला रकाना तिनं भराभर भरला. मांडीवर सूप घेऊन दिवसभर बसायचं. मान धरते. पाठ भरून येते. तंबाखूच्या धुरळ्यानं खोकला. मजुरी हजार विड्यांवर. कारखान्यात खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. जागा पुरेना, तेव्हा दुसरं कार्ड घेतलं.

पुढच्या रकान्यांपाशी पेन थांबलं. मग आम्ही दोघींनी मिळून शोधायला घेतलं. सरकारचा १९६६ सालचा विडी व सिगार कामगार कायदा. त्याच्या इंग्रजी नावात 'बीडी' दोन 'ई' घालून लिहिलंय. अभ्यासकांत कुणी त्या जागी एकच 'आय' घालतं, कुणी थेट 'बिरी' लिहितं. मराठीतसुद्धा विडी, बिडी, बीडी अशी तीन रूपं. एकच शब्द टाकला की बाकीच्या रूपांत लिहिलेलं निसटण्याची भीती. डॉक्टर 'मान धरते' असं लिहीत नाहीत. त्यांच्या लेखांत 'मस्क्युलोस्केलेटल डिसऑर्डर्स' असतं, म्हणजे स्नायू आणि हाडांचे विकार. अर्थशास्त्राची माणसं तिच्या आईला 'होम-बेस्ड वर्कर' म्हणतात. घरी बसून मजुरी करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९६ साली करार केला, क्रमांक १७७. त्याच्या नावातला शब्द 'होम वर्क'. तो तसाच टाकला तर समोर शाळेचा गृहपाठ येतो. म्हणून सोबत 'इन्फॉर्मल सेक्टर' किंवा 'लेबर' जोडायचं.

चारही रकाने भरले, मग मोबाइल बाजूला ठेवून ती संगणकावर बसली. विडीची तिन्ही इंग्रजी स्पेलिंगं कंसात, मध्ये 'ऑर', म्हणजे यातलं कुठलंही चालेल. कंसाबाहेर 'अँड', म्हणजे सोबत हेही हवंच, आणि डॉक्टरांचा शब्द. शोधगंगेवर, म्हणजे देशभरच्या विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध जिथे खुले ठेवलेत तिथे, तेलंगण, कर्नाटक, तमिळनाडूतल्या विडी कामगारांवरचं काम पुढे यायला लागलं. नंतर मी तिला रॅकपाशी नेलं. तिचा विषय आमच्याकडे एका जागी नाहीच. कामगार ३३१ ला, स्त्रिया ३०५.४ ला, कामाच्या ठिकाणचं आरोग्य ६१३.६२ ला. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूई दशांश वर्गीकरणानं तिच्या आईचे तीन भाग करून तीन रॅकांत ठेवलेत, ते हिंडून गोळा करावे लागतात.

प्रिंटआउट चाळता चाळता ती एकदम म्हणाली, "मानदुखीवर एवढं लिहिलंय?"

मी शिकवते ते हे. आपल्या घरात ज्या गोष्टीला जे म्हणतात, तिला छापील जगात काय म्हणतात ते हुडकायचं. हे आपोआप येत नाही, कितीही भारी मोबाइल असला तरी.

गावाच्या नावाचंच घ्या. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा विसावा खंड निघाला, तो आपल्या जिल्ह्याचा. त्यावर इंग्रजीत नाव आहे 'शोलापूर', 'एस'पुढे 'एच' घालून. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांचा या शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास १९६५ साली प्रसिद्ध झाला, त्याच्याही नावात 'शोलापूर'च. गिरण्या, कामगार, पेठा, कुटुंबांचं उत्पन्न यांवर काम करणाऱ्या मुलांना हे पुस्तक हाताशी हवं. ती 'एच' वगळून शोधतात आणि रिकाम्या हातानं परत येतात. मी दर जूनमध्ये पहिल्या तासाला फळ्यावर दोन्ही स्पेलिंगं लिहिते आणि तास संपेपर्यंत पुसत नाही.

शोधता आलं म्हणजे काम झालं असंही नाही. पदवीच्या पहिल्या वर्षाला मी सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर एक छोटा स्वाध्याय देते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. या शहरात चार हुतात्मा चौक ओलांडल्याशिवाय कुणाचा दिवस जात नाही, तेव्हा विषय सगळ्यांच्या ओळखीचा. एका वर्षी एका मुलानं फाशीची तारीख लिहून आणली १२ जानेवारी १९३०. म्हटलं, कशावरून? म्हणाला, "आठ ठिकाणी तीच आहे मॅडम, मी मोजलंय."

त्याला म्हटलं, आठही उघड आणि शेजारी शेजारी ठेव. उघडल्यावर दिसलं की आठही ठिकाणी एकच परिच्छेद होता. तीच वाक्यं, तोच स्वल्पविराम चुकलेला. एकानं लिहिलं, सात जणांनी उचललं. मग म्हटलं, आता त्याच परिच्छेदाची पहिली ओळ वाच. गांधीजींच्या अटकेनंतर मे १९३० मध्ये सोलापूर पेटलं, मार्शल लॉ लागला. तो वाचता वाचता थांबला. "मॅडम, घटना मे महिन्यातली आणि फाशी त्याच्या आधीच्या जानेवारीत?" फाशी झाली १२ जानेवारी १९३१ला, येरवड्याच्या तुरुंगात. वर्षाचा एकच आकडा चुकला होता. पण तो त्या मुलानं स्वतः पकडला, आणि त्या क्षणी त्याचा चेहरा बघायला हवा होता. त्यानंतर तो कुठलाही मजकूर आणून दाखवताना आधी सांगायचा, "हे मूळ कुणी लिहिलंय ते बघितलंय."

आठ जण म्हणतात म्हणजे आठ साक्षीदार होत नाहीत. आठांमागे माणसं किती, ते बघायचं. हे कळायला मोठी उपकरणं लागत नाहीत, बसून वाचायला लागतं.

वाङ्मयचौर्याबद्दल मी थोडक्यात बोलते, कारण त्याची भीती मुलांना आधीच पुष्कळ घातलेली असते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम आहेत: दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, पुढे चाळीस आणि साठ टक्क्यांच्या पायऱ्या, आणि साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. नियम हवेतच. दुःख याचं वाटतं की मुलं दहाचा आकडा गाठायला शब्द इकडचे तिकडे करत बसतात आणि ज्याचं म्हणणं घेतलंय त्याचं नाव लिहायचं राहूनच जातं. नाव लिहिलं असतं तर एवढी धडपड करावीच लागली नसती.

गेली दोन-तीन वर्षं नवीन काळजी आहे. एक पीएच.डी.चा विद्यार्थी चॅटजीपीटीकडून संदर्भांची यादी घेऊन आला. लेखक ओळखीचे वाटणारे, नियतकालिक खरं, खंडही खरा. तो खंड काढून पान उघडलं तर तिथे भलत्याच विषयाचा लेख. यादीतल्या दहांपैकी सात असेच निघाले. पुढची पूर्ण दुपार आम्ही एकेक तपासत बसलो. तो रागावला नाही, गप्प झाला. त्या यादीवर त्यानं प्रबंधाचं एक प्रकरण बेतलं होतं.

आणि जे खरं आहे ते पुष्कळदा पैशांच्या दाराआड असतं. मुलं लेखाचा सारांश वाचतात, खाली डॉलरमधली किंमत दिसते आणि मागे फिरतात. १ जानेवारी २०२५पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालं. तीस प्रकाशकांची जवळपास तेरा हजार नियतकालिकं केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्थांना त्यातून उघडली. म्हणजे केगावला आपल्या विद्यापीठात बसून वाचता येतं ते मोबाइलवर घरी विकत मागतात. हे मुलांना सांगणारं कुणीतरी हवं ना? ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं आहे वाचकाचा वेळ वाचवा. आमच्या मुलांकडे वेळ खरोखर नसतो. कुणी सकाळी दूध घालून येतं, कुणी यंत्रमागावर रात्रपाळी करून.

ती विडीवाली मुलगी परत आली ती शेवटच्या आठवड्यात. प्रबंध झाला होता, संदर्भसूची लावत होती. तिनं आईची मुलाखत घेतली होती, दोन तासांची, तेलुगूत. विचारलं, "मॅडम, आईला सूचीत कसं लिहायचं?"

म्हटलं, इतरांना लिहितेस तसंच. आडनाव, नाव, व्यक्तिगत मुलाखत, ठिकाण, तारीख. आईची परवानगी घे मात्र. तिनं लिहायला घेतलं आणि थांबली. आईच्या विडी कामगार ओळखपत्रावर नाव एका तऱ्हेनं लिहिलेलं होतं, एक अक्षर भलतंच, आणि घरात नाव वेगळं. सगळे सरकारी कागद त्या कार्डाप्रमाणे झालेले.

"यातलं कुठलं लिहू?"

मी म्हटलं, ते आईला विचार. दुसऱ्या दिवशी ती ग्रंथालय उघडायच्या आधीच दारात उभी होती. आईनं दोनदा उच्चारून दाखवलं होतं, तिनं ते तेलुगू अक्षरांत हातावर लिहून आणलं होतं. आम्ही दोघींनी ते देवनागरीत उतरवलं, अक्षर अक्षर जुळवून, आणि सूचीत गाडगीळांच्या खाली, वर्णक्रमानं जिथे येत होतं तिथे, लावलं.