मालकीचं जंगल, मालकीचे गेंडे

साउथ आफ्रिकेत प्रायव्हेट रिझर्व्हला चाललोय म्हटल्यावर घरी सगळ्यांना वाटलं की रिसॉर्टच्या मागे चार हरणं सोडलेली असतील, फार तर एखादा म्हातारा सिंह. तसं काही नाहीये हो. साबी सँड हे क्रूगर नॅशनल पार्कला खेटून असलेलं साधारण ६५ हजार हेक्टरचं जंगल आहे, म्हणजे आपल्या ताडोबाच्या कोअरपेक्षा थोडं मोठंच, आणि ते सगळं वेगवेगळ्या मालकांचं! १९४८ मध्ये या जमीनमालकांनी एकत्र येऊन रिझर्व्ह केलं आणि १९९३ मध्ये क्रूगरच्या बाजूचं कुंपण काढूनच टाकलं, त्यामुळे हत्ती, सिंह, बिबटे कुणाला न विचारता इकडून तिकडे फिरतात.

खरी गंमत गाडीत बसल्यावर कळते. उघडी लँड रोव्हर, आणि बॉनेटच्या डाव्या टोकाला एक खुर्ची जोडलेली, त्यावर ट्रॅकर पाय खाली सोडून बसलेला. आमचा ट्रॅकर तिकडच्या शांगान समाजाचा होता, बोलायचा कमी. मधेच हात वर करायचा, गाडी थांबली की उतरून मातीत वाकून बघायचा, पंज्याची कड अजून धारदार आहे की वाऱ्याने ढासळलीये ते, आणि मग नुसतं बोटाने दाखवायचा, इकडे. गाडी सरळ झुडपात! क्रूगरमध्ये हे चालत नाही, तिथे रस्ता सोडायचा नाही. थोड्या वेळाने बिबट्याची मादी गाडीच्या चाकाजवळून अशी गेली की जणू आम्ही तिथे नाहीच.

पण मला जास्त आवडलं ते गाड्यांमधलं रेडिओवरचं बोलणं. एका सायटिंगला दोन-तीनच गाड्या, बाकीच्यांनी लांब थांबून नंबर लावायचा, आणि लावतात! आपल्याकडे २०२४ च्या शेवटच्या दिवशी उमरेड-कऱ्हांडल्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना जिप्स्यांनी दोन्ही बाजूंनी अडवलं होतं, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय, शेवटी हायकोर्टाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. आता कुणी म्हणेल तिकडे पर्यटक मोजके आणि पैसा भरपूर, म्हणून जमतं. बरोबर आहे, पण नंबर लावायला पैसे लागत नाहीत.

पैशाचं मात्र खरंच आहे. तिकडच्या १९९१ च्या कायद्याने नीट कुंपण असलेल्या जमिनीवरचा वन्यप्राणी मालकाचाच राहतो, अगदी पळून बाहेर गेला तरी. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाढलेल्या माणसाला हे ऐकूनच कसंतरी होतं. पण प्राणी मालकीचा म्हटल्यावर त्याला राखण्याचा खर्चही मालकाचाच, आणि गेंड्यांच्या बाबतीत तो खर्च भयंकर आहे. २०१४ या एका वर्षात साउथ आफ्रिकेत शिंगांसाठी १,२१५ गेंडे मारले गेले. आम्ही पाहिलेल्या गेंड्याचं शिंग कापलेलं होतं, नाकावर नुसता सपाट खुंट, दिसायला फारच वाईट दिसतं. पण शिंग म्हणजे नखासारखंच केराटिन, नीट कापलं तर दुखत नाही आणि परत वाढतं. ग्रेटर क्रूगर भागातल्या ११ रिझर्व्हचा २०१७ ते २०२३ चा अभ्यास सांगतो की शिंगं कापल्यावर शिकार सरासरी ७८ टक्क्यांनी कमी झाली, म्हणजे बंदूकवाले गार्ड, कॅमेरे, कुत्रे यांच्या मानाने हा स्वस्तातला उपाय चांगलाच चालला. मग फोटोत शिंग नाही म्हणून कुरकुर करणाऱ्या पाहुण्यांचं काय ऐकायचं!

मला खटकलं ते दुसरं कुंपण, पश्चिमेचं. ते आहे तसंच आहे, आणि त्याच्या पलीकडे गावं. लॉजवर काम करणारे बरेचसे तिकडूनच येतात. ज्यांच्या आज्यापणज्यांना या जमिनीवरून हलवलं त्यांच्या वारसांनी दावे केले, त्यातला साबी सँडमधल्याच मालामाला या खाजगी रिझर्व्हचा दावा २०१३ मध्ये सुटला, सरकारने सुमारे १.१ अब्ज रँड मोजून ती जमीन घेतली आणि न्वांडलम्हारी समाजाला परत दिली. लॉज चालूच आहे, फक्त जमिनीचे मालक आता ते आहेत. मला विचाराल तर खाजगी जंगलाचं समर्थन करायचं तर ते याच मॉडेलचं करावं.

जाणाऱ्यांसाठी: मे ते सप्टेंबर बेस्ट, गवत सुकलेलं असतं, प्राणी पाण्यावर येतात, पण पहाटे थंडी मरणाची, स्वेटर आणि कानटोपी घ्याच. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आधी विचारा. आणि बजेट टाइट असेल तर प्रायव्हेटला दोनच रात्री ठेवा, बाकी दिवस क्रूगरमधल्याच स्कुकुझा कॅम्पला राहून स्वतःची गाडी घेऊन क्रूगर फिरा, तेच प्राणी आहेत.