ड्राफ्टचे मार्क तीन वर्षांनी

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी क्रमांकाप्रमाणे कॉलेजचे खेळाडू निवडणं, संपला की दुसऱ्या दिवशी सकाळी चाहते आपापल्या संघाला 'ए' नाहीतर 'एफ' देऊन मोकळे होतात. पोरांनी अजून संघाची जर्सी घालून सरावही केलेला नसतो. मला राहवलं नाही, म्हणून आज सिअ‍ॅटल सीहॉक्सची 2012 ची यादी पुन्हा काढली. तेव्हा तिला काहींनी नापास केलं होतं.

पंधराव्या क्रमांकावर ब्रूस अर्विन घेतला तेव्हा 'इतक्या वर कशाला?' अशी ओरड झाली. पंचाहत्तरावा रसेल विल्सन हा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा खेळाडू, उंचीला जेमतेम 5 फूट 11 इंच, त्यात त्याच जागेसाठी मॅट फ्लिन मार्चमध्येच करारबद्ध झालेला. फेब्रुवारी 2014 मध्ये याच विल्सनच्या संघाने सुपर बोल या अंतिम सामन्यात डेन्व्हरला 43-8 असं धुतलं.

पण जिंकले म्हणून सगळंच बरोबर ठरत नाही. सिअ‍ॅटलकडे मुळात 12 वा क्रमांक होता. तो फिलाडेल्फियाला देऊन त्यांनी 15, 114 आणि 172 घेतले. प्रशिक्षक जिमी जॉन्सनच्या, प्रत्येक क्रमांकाला गुण देणाऱ्या जुन्या तक्त्यात 12 ची किंमत 1200, 15 ची 1050. फरकाच्या 150 गुणांच्या बदल्यात आलेल्या दोन क्रमांकांचे मिळून शंभरही होत नाहीत. शिवाय फिलाडेल्फियाने 12 वर फ्लेचर कॉक्स उचलला, आणि तो अर्विनपेक्षा कितीतरी सरस निघाला. हा सौदा तोट्याचाच. जेट्स संघाशी केलेला मात्र फळला: 43 वा देऊन 47, 154, 232 घेतले आणि 47 वर बॉबी वॅग्नर मिळाला.

मार्क द्यायचेच तर तीन हंगाम थांबावं. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असतो आणि तीन हंगाम झाल्याशिवाय तो वाढवता येत नाही. पहिल्या फेरीतल्याला पाचवं वर्ष द्यायचं की नाही, तेही तिसऱ्या हंगामानंतरच ठरतं. तिथे संघ स्वतःच्या खिशातून मार्क देतो. 2015 मध्ये सिअ‍ॅटलने अर्विनचं पाचवं वर्ष नाकारलं. विल्सन आणि वॅग्नर यांच्याशी मात्र त्याच उन्हाळ्यात मोठे करार केले.

पहिल्या दिवशी तपासता येते ती फक्त क्रमांकाची किंमत. सातव्या फेरीतला 225 वा जे. आर. स्वीझी कॉलेजात बचावफळीत खेळायचा. सिअ‍ॅटलने त्याला आक्रमणात आणून गार्ड, म्हणजे क्वार्टरबॅकचं रक्षण करणारा, केलं. तो ज्या जागी खेळणार होता, ती जागा त्या दिवशी मार्क देणाऱ्यांच्या कागदावर त्याच्या नावापुढे नव्हतीच.