बिलात तीन प्लग, गाडीत नवे दोनच

बिल अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. 'स्पार्क प्लग – ३ नग' असं त्यावर स्वच्छ छापलंय. गाडीत नवे निघाले दोन. हे कळायला सहा दिवस गेले, तीन हेलपाटे झाले आणि शेवटी पाना स्वतःच हातात घ्यावा लागला. म्हणून सविस्तर लिहितोय.

प्लग बघायला शिकलो ते मात्र गवत कापायच्या मशीनमुळे, म्हणून आधी तिचं. आमचं लातूरला औसा रोडकडे छोटं मंगल कार्यालय आहे, पुढे लॉन. उन्हाळ्यात बोअर आटलं की गवत वाढतच नाही, मग कापायची मशीन तीन महिने शेडमध्ये पडून. यंदा मृगाचा पाऊस झाला, गवत घोट्याच्या वर आलं आणि मशीन काही सुरू होईना. माळीमामांनी दोरी ओढून ओढून खांदा धरून घेतला. प्लग काढला तर पेट्रोलनं ओलाचिंब. टाकीतलं पेट्रोल मार्चचं होतं, आणि हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं. जुनं पेट्रोल काढलं, कार्बोरेटर साफ केला, नवा प्लग पाऊण मिलिमीटर गॅप (ठिणगी पडते त्या दोन टोकांमधलं अंतर) ठेवून बसवला. तिसऱ्या दोरीला मशीन सुरू. अर्ध्या दिवसाचं काम, त्याबद्दल तक्रार नाही.

त्या दिवशी प्लगचं टोक बघायची सवय लागली. भाकरीवरच्या डागासारखं फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक. कोरडं काळं असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी. आधी एअर फिल्टर उघडा, आपल्याकडे सोयाबीनच्या राशीच्या दिवसांत तो भुश्शानं गच्च होतो. तेलकट असेल तर ऑइल वर येतंय. पांढरंफटक असेल तर प्लग जास्त तापतोय.

आता गाडीचं. तीन सिलिंडरची पेट्रोल गाडी, सर्व्हिसिंगला दिली, प्लग बदलले म्हणाले, मी पैसे भरले. महिन्याभरानं संभाजीनगरहून परत येताना बीडजवळच्या मांजरसुंब्याच्या घाटात एसी चालू असताना गाडी झटके द्यायला लागली. सपाटीवर बरी, चढाला मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतच नाही. इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकत होता. हा दिवा नुसता पेटलेला असेल तर गाडी हळू घरापर्यंत नेता येते. लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या भागात जातंय. त्यानं तो खराब होतो, आणि तो भाग फार महाग आहे. मी एसी बंद केला, थांबत थांबत आलो.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर पहिल्या दिवशी जॉब कार्ड (कामाची नोंद) झालं. दुसऱ्या दिवशी फोन नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तर "काका, कॉइल गेलीय, मागवावी लागेल. तिन्ही बदलून टाका, परत त्रास नको." कॉइल म्हणजे प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारा भाग, प्रत्येक सिलिंडरला एक. मी विचारलं, कशावरून? त्यानं स्कॅनरचा कागद दाखवला, पी ०३०३. शेवटचा आकडा तीन म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग. एवढंच. कॉइल, प्लग, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, दोष कशाचा हे तो कोड सांगत नाही. "प्लग बघितले का?" "प्लग नवीनच आहेत, काका." "मग मागच्या वेळी काढलेले जुने दाखवा." "ते स्क्रॅपमध्ये गेले." चौथ्या दिवशी तेच उत्तर, पाचव्या दिवशी साहेब रजेवर. त्यांच्या वर्कशॉपमध्ये गाडीच्या तिसऱ्या सिलिंडरवरचा एअर फिल्टरचा डबा कुणी हलवलासुद्धा नव्हता, त्यावरची धूळ मला काचेतून दिसत होती. सहाव्या दिवशी गाडी तशीच घरी आणली. तो राग अजून गेलेला नाही.

इंजिन रात्रभर थंड होऊ दिलं. हे महत्त्वाचं, ॲल्युमिनियमच्या हेडमधून गरम असताना प्लग काढला तर आटे जातात. एअर फिल्टरचा डबा काढला, पहिली आणि तिसरी कॉइल अदलाबदल केली, ओळखीच्या इलेक्ट्रिशियनचा स्कॅनर लावला. कॉइल खराब असती तर दोष पहिल्या सिलिंडरकडे सरकून पी ०३०१ आला असता. पुन्हा ०३०३ च. मग इंजिन निवल्यावर भोवतीची धूळ हवा मारून उडवली (नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते) आणि तिन्ही प्लग काढले. दोन कोरे. तिसऱ्याचा षट्कोन गंजलेला, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातलं तर गॅप दीड मिलिमीटरच्या जवळ. पुस्तिकेत १.० ते १.१ आहे. गॅप वाढली की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि चढाला सिलिंडरमधला दाब वाढला की ते आणखी लागतं. घाटातच झटके का बसत होते, ते तिथे उलगडलं.

नवा प्लग आधी बोटांनीच फिरवत पूर्ण बसवला, वॉशर टेकल्यावर पान्यानं अर्धा ते पाऊण फेरा. आट्यांना ऑइल-ग्रीस लावू नका, नकळत जास्त आवळला जातो. गॅप तपासूनच बसवा, पण इरिडियमचा असेल तर त्याच्या बारीक टोकाला गेज टेकवू नका आणि तारेचा ब्रश तर कधीच नाही. दुकानदार दुसऱ्या कंपनीचा 'त्याच नंबरचा' देतो तेव्हा सावध राहा: एनजीके कंपनीत आकडा वाढला की प्लग थंड (उष्णता लवकर सोडणारा), बॉशमध्ये आकडा वाढला की गरम.

जुना प्लग आणि बिल घेऊन काउंटरवर गेलो. साहेबांनी प्लग हातात घेऊन बघितला, एका प्लगचे पैसे परत दिले. सहा दिवसांबद्दल कुणी काही बोललं नाही. म्हणून काढलेले प्लग, फिल्टर जे असेल ते पिशवीत घालून परत द्या, असं गाडी देतानाच जॉब कार्डवर लिहून घ्या. नंतर मागून मिळत नाही.

मशीनबद्दल एक राहिलं. पात्याला हात लावण्याआधी प्लगची कॅप काढून बाजूला ठेवा, आणि मशीन आडवी करताना एअर फिल्टरची बाजू वर. मामांना हे मी दोनदा दाखवलंय. गाडीच्या फिल्टरच्या डब्यावर आता मार्करनं तारीख आणि किलोमीटर लिहिलेत, आणि मागच्या रविवारी तोच घाट एसी लावून चढलो.