आमची वाटचाल : नकाशांच्या पुस्तकांचे दुकान

राष्ट्रीय नकाशा धोरण 2005 साली जाहीर झाले आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशांच्या दोन मालिका ठरल्या, एक संरक्षण दलांसाठी आणि दुसरी सर्वांसाठी खुली. त्याआधी किनारपट्टीच्या आणि सीमाभागाच्या अनेक नकाशापत्रकांवर निर्बंध असल्यामुळे सह्याद्रीच्या घाटवाटा हिंडणाऱ्यांना कुणाकडून तरी मिळालेल्या पुसट छायाप्रतींवर भागवावे लागत असे. माझी पत्नी त्या वेळी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवत होती आणि मी छपाईच्या व्यवसायात होतो. पत्रके खुली होत आहेत, पण ती वाचायला शिकवणारे पुस्तक मराठीत सहज मिळत नाही, ही अडचण तिच्या विद्यार्थ्यांमुळे आम्हाला रोजच दिसत होती. त्यातून पुण्यात आमचे हे छोटे दुकान उभे राहिले. नकाशांविषयीची पुस्तके, ॲटलास, संदर्भग्रंथ आणि नकाशाकामाची साधने एवढेच आम्ही ठेवतो आणि नकाशापत्रक हवे असेल त्याला ते सर्वेक्षण विभागाकडूनच कसे मागवायचे ते समजावून देतो.

सुरुवातीचे बहुतेक ग्राहक गिर्यारोहक होते. त्यांना आम्ही सर्वांत आधी पत्रकाचा क्रमांक उलगडून दाखवत असू, आणि आजही दाखवतो. पुणे शहराचा मोठा भाग 47 एफ/14 या जुन्या क्रमांकाच्या पत्रकावर येतो. त्यातला 47 हा चार अंश लांबी-रुंदीचा मोठा चौकोन, एफ हा त्याच्या सोळा भागांपैकी एक अंशाचा एक चौकोन आणि 14 हा त्या चौकोनाचे पुन्हा सोळा भाग केल्यावर मिळणारा पंधरा मिनिटांचा तुकडा. एकदा ही रचना कळली की शेजारचे पत्रक कोणते, हे कुणाला विचारावे लागत नाही. खुल्या मालिकेत क्रमांकांची पद्धत बदलली असली, तरी जुने अहवाल, प्रबंध आणि गॅझेटियर वाचणाऱ्याला जुनी पद्धत यावीच लागते.

नकाशाप्रेमींचा दुसरा वर्ग इतिहासाच्या अभ्यासकांचा आहे. कर्नल फिलिमोर यांनी संकलित केलेले सर्वेक्षण विभागाच्या इतिहासाचे चार खंड 1945 ते 1958 या काळात प्रसिद्ध झाले. त्या खंडांची मागणी आमच्याकडे कधीच थांबलेली नाही. विल्यम लॅम्बटन यांनी 1802 साली मद्रासजवळ मोजलेली आधाररेषा, तिथून देशभर पसरलेले त्रिकोणमितीय सर्वेक्षण, मुंबई इलाख्यासाठी चार्ल्स रेनॉल्ड्स यांनी केलेले काम, हे सारे मूळ पत्रव्यवहाराच्या आधाराने ज्याला वाचायचे आहे, त्याला या खंडांवाचून गत्यंतर नाही. कोलकात्याच्या राष्ट्रीय ॲटलास संस्थेची प्रकाशने आम्ही पहिल्यापासून ठेवली. ही संस्था 1956 साली प्रा. शि. प्र. चटर्जी यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली आणि तिने पुढच्याच वर्षी भारताचा पहिला राष्ट्रीय ॲटलास हिंदीत काढला, हे सांगताना मला नेहमी अभिमान वाटतो.

परदेशी ॲटलास मागवताना एक पथ्य कसोशीने पाळावे लागते. भारताच्या बाह्य सीमा सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच दाखवणे कायद्याने बंधनकारक असल्यामुळे प्रत्येक नव्या आवृत्तीतील संबंधित पाने पाहिल्याशिवाय आम्ही मागणी नोंदवत नाही.

पुढे डिजिटल नकाशाकाम करणारे व्यावसायिक येऊ लागले आणि दुकानाचे स्वरूप बदलले. नगररचना, जलसंधारण, शेती, रस्तेबांधणी अशा क्षेत्रांतली ही मंडळी प्रथम संगणकप्रणालीचे पुस्तक मागत. क्यूजीआयएससारख्या मुक्त प्रणालीच्या आवृत्त्या इतक्या वेगाने येतात की विशिष्ट आवृत्तीची चित्रे छापलेले पुस्तक फडताळात असतानाच जुने होते. शिवाय त्या प्रणालीची अधिकृत मार्गदर्शिका आणि सरावपुस्तिका विनामूल्य उपलब्ध आहेत. म्हणून आम्ही ठरवले की बटणे कुठे आहेत हे सांगणारी पुस्तके कमी ठेवायची आणि प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची रीत), डेटम (अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी मानलेला पृथ्वीचा आकार आणि आधार), प्रमाण, चिन्हयोजना, माहितीचे परवाने हे पायाभूत विषय शिकवणारी पुस्तके मन लावून निवडायची. या निर्णयाने काही वर्षे विक्री घटली, पण आमच्या मते तोच आमचा सर्वांत योग्य निर्णय होता, कारण आवृत्ती बदलली तरी पृथ्वीचा आकार बदलत नाही आणि तो कागदावर उतरवण्याच्या अडचणीही बदलत नाहीत.

या अडचणी महाराष्ट्रात तर जागोजागी भेटतात. पृथ्वीचे सहा-सहा रेखांशांचे पट्टे करून प्रत्येक पट्ट्यात अंतरे स्वतंत्रपणे मोजणाऱ्या यूटीएम पद्धतीत 78 अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेकडचा महाराष्ट्र 43 व्या पट्ट्यात येतो आणि नागपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोली हे जिल्हे 44 व्या. यवतमाळ जिल्हा दोन्हींत विभागला जातो. इंग्रजी पुस्तकांतली परदेशी उदाहरणे गिरवून आलेल्या तरुणाला पहिल्याच कामात पुसद एका पट्ट्यात आणि यवतमाळ शहर दुसऱ्यात अशी स्थिती समोर आली, तर त्याने काय करावे? एव्हरेस्ट डेटमवरच्या जुन्या पत्रकातील अक्षांश-रेखांश जसेच्या तसे जीपीएसच्या डब्ल्यूजीएस-84 या डेटममध्ये वापरले, तर ठिकाण काहीशे फूट सरकते. विहीर किंवा बंधाऱ्याची जागा ठरवताना एवढा फरक चालत नाही.

त्याहून अवघड प्रकरण गावनकाशांचे आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1830 च्या दशकात इंदापूर तालुक्यात बसवलेल्या मोजणीपद्धतीचा पुढे मुंबई इलाख्यात विस्तार झाला आणि आपले गावनकाशे त्याच परंपरेतून आले. जुन्या गावनकाशावर सहसा अक्षांश-रेखांश नसतात, कागद घड्यांवर विरलेला असतो आणि दमट हवेने तो आडवा-उभा सारखाच वाढलेला असेल असेही नाही. असा नकाशा उपग्रहचित्रावर बसवताना तीन गावांच्या शिवा मिळतात तिथले दगड, जुन्या विहिरी, ओढ्यांचे संगम, न हललेले बांध असे बिंदू शोधावे लागतात आणि ते नकाशाभर पसरलेले असावे लागतात. नंतर एखाद्या गटाचे क्षेत्रफळ काढून ते सातबाऱ्यावरच्या क्षेत्राशी ताडून पाहावे लागते. गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, हे ज्याला पाठ आहे, त्याला चूक चटकन दिसते. या विषयावर पत्नीने लिहिलेली पुस्तिका आम्ही स्वतः छापली. तिची सर्व उदाहरणे महाराष्ट्रातील आहेत. भूमापन, तलाठी कार्यालये आणि खासगी मोजणीदार या वर्तुळांत ती आता सर्वाधिक वाचली जाते. स्वामित्व योजनेखाली 2020 पासून गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊ लागल्यावर तिला नवा वाचकही मिळाला.

विनामूल्य साधनांची एक यादी आम्ही प्रत्येक पुस्तकासोबत देतो. इस्रोचे भुवन हे नकाशांचे संकेतस्थळ, लोकसहभागातून तयार होणारा ओपनस्ट्रीटमॅप, नॅचरल अर्थ हा जगाच्या नकाशांचा माहितीसंच, अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने 1987 साली प्रसिद्ध केलेले जॉन स्नायडर यांचे प्रक्षेपणांवरील हस्तपुस्तक आणि सर्वेक्षण विभागाची डाउनलोड करता येणारी खुली पत्रके यांची माहिती त्या यादीत असते. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती वापरल्यास तसा श्रेयनिर्देश करणे परवान्यानुसार आवश्यक आहे, ही सूचना आम्ही यादीत ठळक छापतो, कारण ठेकेदारीच्या घाईत ती हमखास राहून जाते. फुकट मिळणारी गोष्ट दुकानदाराने का सांगावी, असे काही हितचिंतक विचारतात. ज्याला चांगला नकाशा करायचा आहे, त्याच्यापासून चांगले साधन लपवून ठेवणे आम्हाला पटत नाही.

सध्या समोच्च रेषांवरील दुसऱ्या पुस्तिकेचे काम चालू आहे. 1:50,000 प्रमाणाच्या पत्रकावर सह्याद्रीच्या कातळकड्यांजवळ या रेषा एकमेकींना चिकटतात आणि नेमकी तिथेच वाट शोधायची असते, म्हणून तिच्यात घाटवाटांचे नमुने अधिक घेतले आहेत. आकृत्यांची तपासणी दोन गिर्यारोहक आणि एक निवृत्त भूमापक करत आहेत. ती पूर्ण झाली की पुस्तिका छपाईला जाईल.